खुलं पत्र: 'यूटोपिया' शिकवायचं ना, मग गुलामांची पानं गाळू नका

प्रति,
अध्यक्ष आणि सगळे सन्माननीय सदस्य,
इंग्रजी अभ्यास मंडळ
(विद्यापीठाचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही, बहुतेक सगळ्याच मंडळांना थोड्याफार फरकाने हे लागू पडेल)

सर, मॅडम, नमस्कार.

नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून सिलॅबस एवढ्या वेळा बदललाय की आता कोणती कॉपी फायनल हेच कळत नाही, पण परवा जी पीडीएफ फिरत होती तिच्यात रेनेसाँच्या (युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या) युनिटमध्ये थॉमस मोर ह्या इंग्रज लेखकाचं 'यूटोपिया', म्हणजे एका काल्पनिक बेटावरच्या आदर्श राज्याचं पुस्तक, परत आलेलं दिसलं, 'निवडक भाग' म्हणून. आनंद झाला, खरंच. माझं भांडण त्या निवडीशी आहे. पहिल्या भागातून ते मेंढ्या माणसं खाऊन टाकतात वालं प्रकरण घेतलंय, दुसऱ्या भागातून शहरांची रचना, सहा तासांचं काम, खाजगी मालमत्ता नसणं, सोन्याची थट्टा आणि धर्मस्वातंत्र्य घेतलंय, आणि मध्ये जे गुलामांबद्दलचं आख्खं प्रकरण आहे ते तेवढं उचलून बाजूला ठेवलंय. गाइडवाल्यांनी तर हे कधीच केलेलं होतं. तिथे चार बुलेट पॉइंट असतात, आदर्श राज्य, समान मालमत्ता, सहा तास काम, सर्वधर्मसमभाव (हा शब्द मोरला चिकटवणाऱ्याला साष्टांग नमस्कार), पोरं तेच लिहून येतात, दहापैकी सात मार्क पडतात, विषय खल्लास.

मी तासिका तत्त्वावर शिकवते, त्यामुळे मंडळात माझं मत कोणी विचारणार नाही हे माहितीये, म्हणून उघड्यावर लिहितेय. माझं म्हणणं एवढंच आहे की ती पानं म्हणजे त्या पुस्तकावरचा डाग नाहीये की पुसला की बाकीचं स्वच्छ राहील. ते त्या आदर्श राज्याचं इंजिन आहे. आणि नुसतं मोरचं नाही, त्या काळातल्या जवळजवळ प्रत्येक आदर्श समाजाच्या मागच्या दाराशी कोणीतरी राबणारा माणूस उभा आहे, ते दार आपण पोरांना दाखवतच नाही.

मंडळातल्या सगळ्यांनी मूळ पुस्तक वाचलेलं असणार, पण हे पत्र पोरंही वाचतील, म्हणून आत काय आहे ते जरा सविस्तर सांगते. १५१६ च्या शेवटी लूव्हेनमध्ये लॅटिनमध्ये छापलेलं पुस्तक. बेटावर ५४ शहरं, प्रत्येक शहरात ६,००० कुटुंबं, आळीपाळीने सगळ्यांनी दोन वर्षं शेतावर राहायला जायचं, रोज सहा तास काम, तीन दुपारच्या जेवणाआधी आणि तीन नंतर, उरलेला वेळ पुस्तकं, व्याख्यानं, बागा, संगीत. शेतावरच्या घरात निदान ४० बायकापुरुष असतात, आणि त्याच वाक्यात अगदी सहज, जाता जाता, वर दोन गुलाम. एवढंच. कोण, कुठले, का, काही नाही. पुस्तकात गुलाम पहिल्यांदा असे शिरतात, मोजणीत शेवटी, कोंबड्यागुरांच्या वर्णनाच्या थोडंसं आधी.

मग जेवणाचे हॉल येतात. सगळे एकत्र जेवतात, स्वयंपाक बायकांनी आळीपाळीने करायचा (ह्याच्यावर एक वेगळं पत्र लिहावं लागेल), पण जे जड आणि घाण काम आहे ते गुलामांनी. मांसासाठी जनावरं शहराच्या बाहेर, वाहत्या पाण्याच्या कडेला मारायची आणि साफ करायची, तेही गुलामांनीच, नागरिकाने हात लावायचा नाही. का? तर कापाकापीची सवय लागली की माणसाच्या मनातली दया हळूहळू मरते आणि दया ही माणसाची सगळ्यात कोवळी भावना. शिकार पण त्याच कारणाने खाटकांकडे सोपवलेली, आणि खाटीक म्हणजे गुलाम. कोणाला दुसऱ्या शहरात जायचं असेल तर सरकारी परवानगी मिळते, बैलगाडी मिळते आणि बैल हाकायला सरकारी गुलाम पण मिळतो.

त्या दयेच्या वाक्यापाशी मी दर वर्षी थांबते. म्हणजे गुलामाच्या मनातली दया मेली तरी चालेल ना? किंवा त्याला ती आहे हेच धरलेलं नाही. मोर साधा माणूस नव्हता, लंडनमधला नावाजलेला वकील, पुढे इंग्लंडचा लॉर्ड चान्सलर, इरॅस्मस ह्या मोठ्या डच विद्वानाचा जिवलग मित्र, उपहास त्याच्या रक्तात. त्याला हे वाक्य लिहिताना दिसलं नसेल का? मला वाटतं दिसलं असावं आणि त्याने ते तसंच ठेवलं, पण ह्याच्यावर वर्गात वाद व्हायला पाहिजे, दोन्ही बाजूंनी, आणि वाद व्हायला ते पान हातात पाहिजे.

आता गुलाम होतं कोण. लढाईत त्यांनी स्वतः पकडलेले कैदी. त्यांचेच नागरिक, ज्यांनी मोठा गुन्हा केलाय. बाहेरच्या देशात फाशीची शिक्षा झालेले लोक, त्यांना यूटोपियावाले स्वस्तात विकत आणतात नाहीतर फुकटच मागून आणतात. आणि एक चौथा गट, दुसऱ्या देशातले कष्टकरी गरीब, जे आपल्या देशात राबून मरण्यापेक्षा इथे गुलाम म्हणून आपणहून येतात, त्यांना जवळजवळ नागरिकासारखंच वागवतात, फक्त काम थोडं जास्त, आणि जायचं म्हटलं तर रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. हा चौथा गट वाचला की वर्गात एकदम शांतता होते, कारण प्रत्येकाच्या गल्लीतलं कोणीतरी आखातात गेलेलं असतं. मला काही बोलावंच लागत नाही. बाकीचे मात्र कायम कामाला जुंपलेले आणि साखळीत. त्यातही स्वतःच्या नागरिकांना जास्त कडक, कारण एवढं चांगलं वळण लावूनही बिघडले म्हणजे काय. बंड केलं तर जंगली जनावरासारखं मारून टाकायचं, मुकाट्याने सोसलं तर कधीतरी सुटका होऊ शकते.

आणि ती सोन्याची गोष्ट, जी प्रत्येक गाइडमध्ये आहे! यूटोपियात सोन्याला किंमत नाही, त्याची मोरीतली भांडी करतात, आणि गुलामांच्या बेड्या. मग परदेशी राजदूत सोन्याने मढून येतात, लोक त्यांच्या साध्या कपड्यातल्या नोकरांना लवून नमस्कार करतात आणि ह्यांना गुलाम समजून बाजूला ठेवतात, कोणी म्हणतं ही साखळी फारच नाजूक आहे, गुलाम तोडून पळेल की, एक पोरगं आईला म्हणतं बघ गं, एवढा मोठा घोडा झाला तरी अंगावर मोती घालतो. मस्त प्रसंग आहे, पोरं हसतात, मीही हसते. पण हा विनोद चालतो कशावर? रस्त्यावर सोन्याच्या साखळीतला माणूस त्या पोराला रोज दिसतोय म्हणून. गाइडमध्ये सोनं आहे, साखळी आहे, साखळीतला माणूस गायब.

परवानगीशिवाय शहराची हद्द ओलांडली तर पहिल्यांदा पकडून परत आणतात, दुसऱ्यांदा केलं तर गुलाम. व्यभिचार केला तर गुलाम, परत केला तर देहदंड. धर्मावरून फारच तावातावाने दुसऱ्याला शिव्या घालत सुटलं तर हद्दपारी किंवा गुलामी. म्हणजे ते धर्मस्वातंत्र्याचं पान जे तुम्ही सिलॅबसमध्ये ठेवलंय, त्याचासुद्धा पोलीस कोण आहे तर हेच प्रकरण, जे तुम्ही काढलंय. कायदे अगदी थोडे, वकील तर नाहीतच (एका वकिलाने लिहिलंय हे, लक्षात ठेवा), मग एवढी शिस्त येते कुठून हा प्रश्न हुशार पोरगं विचारतंच आणि उत्तर त्या गाळलेल्या पानांत बसलंय.

सहा तासांच्या हिशेबाचं पण तसंच. मोर समजावून सांगतो की सहा तास कसे पुरतात: इतर देशात बायका, पाद्री, जमीनदार, त्यांची लटांबरं, धडधाकट भिकारी, हे सगळे बसून खातात, इथे सगळे काम करतात म्हणून पुरतं. पटतं. फक्त ह्या हिशेबात गुलामांचे तास कुठेच मांडलेले नाहीत. त्यांना सहा तास नाहीत, ते कायम कामावर आहेत.

आता मोरची बाजू, ती पण सांगितलीच पाहिजे, नाहीतर पोरं लगेच 'कॅन्सल' करून मोकळी होतात. पहिल्या भागात कार्डिनल मॉर्टन ह्या इंग्लंडमधल्या बड्या धर्मगुरूच्या जेवणाच्या टेबलावर वाद चाललाय, एक वकील कौतुकाने सांगतोय की चोरांना कसं फटाफट लटकवतात, एकेका खांबावर वीस वीस, आणि तरी चोर संपत का नाहीत देव जाणे. तिथे राफाएल हिथ्लोडे हे यूटोपियाची हकिकत सांगणारं मोरचं पात्र म्हणतं की जमिनी मेंढ्यांसाठी बळकावल्या, माणसं देशोधडीला लावली, मग ती चोऱ्या नाही तर काय करतील, आधी चोर तयार करायचे आणि मग लटकवायचे. त्याऐवजी तो इराणकडच्या एका काल्पनिक समाजाचं उदाहरण देतो, तिथे चोराला मारत नाहीत, सरकारी कामाला लावतात, एका रंगाचे कपडे, कानाचा तुकडा कापलेला. म्हणजे त्या काळच्या इंग्लंडमध्ये चोरी केली म्हणून फासावर जाणाऱ्या माणसासमोर ही गुलामी म्हणजे जीवदान होतं. हे खरंच आहे. पण ही कल्पना किती निसरडी आहे ते पण बघा, मोरचं मुंडकं १५३५ साली उडवलं आणि १५४७ साली त्याच इंग्लंडमध्ये कायदा झाला की काम न करता भटकणारा सापडला तर छातीवर डागणी द्यायची आणि पकडून देणाऱ्याकडे दोन वर्षं गुलाम म्हणून ठेवायचा, पळाला तर जन्मभर. तो कायदा चालला नाही, १५५० मध्ये रद्द झाला. मोरच्या पुस्तकामुळे तो झाला असं मी म्हणत नाही हं, तसा काही पुरावा नाही, पण गरिबाला फाशीपासून वाचवायचं म्हणजे त्याला बांधून ठेवायचं हा विचार हवेत होताच.

दुसरी गोष्ट मोरच्या बाजूची, आणि ही आपल्याकडच्या वर्गात फार महत्त्वाची. यूटोपियात गुलामाचं पोर गुलाम नसतं. स्पष्ट लिहिलंय. गावाबाहेर जनावरं सोलायचं काम एका गटाला लावून दिलंय म्हटल्यावर आपल्या वर्गात कोणीतरी 'मॅडम, हे तर गावकुसाबाहेरचं झालं' असं म्हणतंच म्हणतं, आणि म्हणायलाच पाहिजे, पण मग पुढचा प्रश्न मी टाकते, की इथे ते जन्माने येत नाही, मग फरक किती आणि साम्य किती. त्या एका ओळीवर जेवढी चर्चा होते तेवढी आख्ख्या युनिटवर होत नाही. अ‍ॅरिस्टॉटलचं जे म्हणणं होतं की काही माणसं जन्मतःच गुलाम व्हायला बनलेली असतात, आणि जे म्हणणं पुढे १५५०-५१ ला स्पेनमध्ये वायादोलिदच्या वादात सेपुल्वेदा नावाच्या विद्वानाने अमेरिकेतल्या मूळ लोकांवर लावलं, ते मोर घेत नाही. तेवढं श्रेय त्याला द्यायला काहीच हरकत नाही.

पण मग मागे एका चर्चासत्रात एका मोठ्या सरांनी मला जे उत्तर दिलं ते मला अजिबात पटलेलं नाही, की 'अहो, तो काळच तसा होता, आजचे निकष लावू नका'. सर, मी आजचे निकष लावतच नाहीये, मी त्याच काळातले लावतेय! एतिएन द ला बोएसी, फ्रान्समधला विशीच्या आतला पोरगा, १५५० च्या आसपास लिहून ठेवतो की जुलमी राजा एकटा असतो, त्याला ताकद तुम्हीच देता, तुम्ही द्यायचं थांबवा, ढकलायचीसुद्धा गरज नाही, तो आपोआप कोसळेल, माणूस मूळचा स्वतंत्र आहे, गुलामी सवयीने येते. त्याची गुलामी म्हणजे राजासमोरची, मळ्यातली नाही, हे मान्य, पण विचार तर होता. त्याचा मित्र, निबंधकार मॉन्तेन, १५८० ला ब्राझीलच्या लोकांवर निबंध लिहितो आणि रूआँ शहरात १५६२ साली आलेल्या तिघांची गोष्ट सांगतो, राजा त्यांच्याशी बोलला, मग कोणीतरी त्यांना विचारलं आमच्याकडे काय विशेष वाटलं, तर ते म्हणाले की इथे काही लोक गच्च भरलेले आणि त्यांच्याच दारात काही जण उपाशी हात पसरून, ते ह्यांचा गळा का धरत नाहीत, घरं का पेटवत नाहीत तेच कळत नाही. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या, तिसरी मॉन्तेन म्हणतो विसरलो. मला त्या विसरलेल्या तिसऱ्या गोष्टीचा फार राग येतो, असो.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण तर वास्को दे किरोगा. हा स्पॅनिश न्यायाधीश १५३१ ला मेक्सिकोत पोचला, तिथली वाताहत बघितली आणि मोरचं पुस्तक चक्क आराखडा म्हणून वापरलं. १५३२ ला मेक्सिको शहराजवळ सांता फे नावाची वस्ती, मग मिचोआकानमध्ये पात्स्कुआरो तळ्याच्या काठी दुसरी. सामायिक जमीन, मोठी एकत्र कुटुंबं, सहा तास काम, आजाऱ्यांना दवाखाना, सगळं यूटोपियातून. आणि १५३५ मध्ये त्याने लांबलचक कायदेशीर टिपण लिहिलं, कशावर, तर मूळ लोकांना गुलाम करण्याच्या विरोधात! म्हणजे मोरच्या ह्या सुरुवातीच्या आणि सगळ्यात गंभीर वाचकाला पुस्तकातून नेमकं काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते कळलं होतं, मोर जिवंत असतानाच पहिली वस्ती उभी राहिली होती. तिकडची मूळची पुरेपेचा माणसं त्याला अजून 'ताता वास्को' (बाबा वास्को) म्हणतात. त्या वस्त्यांमध्ये पण वरून लादलेली शिस्त होती, पाद्र्यांचा वचक होता, सगळं गोड नव्हतं. (आजचं सांता फे म्हणजे काचेचे टॉवर आणि कॉर्पोरेट ऑफिसं. सहा तासांत कोणी घरी जात असेल असं वाटत नाही.)

ह्याच्या उलट बार्तोलोमे दे लास कासास हा स्पॅनिश पाद्री. मूळ अमेरिकन लोकांसाठी आयुष्यभर भांडलेला माणूस, पण १५१६ साली, म्हणजे यूटोपिया छापलं त्याच वर्षी, त्याने जो सुधारणेचा कागद सरकारला दिला त्यात मूळ लोकांचा त्रास वाचवायला आफ्रिकेतले गुलाम आणावेत अशी सूचना आहे. त्याचा त्याला पुढे भयंकर पश्चात्ताप झाला आणि तोही त्याने लिहून ठेवला. एकाची सुटका करायला दुसऱ्याला बांधायचं, हाच तो यूटोपियाच्या खाटीकखान्याचा हिशेब, फक्त हा कागद खरा होता आणि जहाजंही खरी होती.

कँपानेलाचं 'सूर्यनगर' तर सिलॅबसमध्ये नावालाही नाही. स्पॅनिश राजवटीविरुद्ध कट केला म्हणून १५९९ ला पकडलेला हा इटालियन साधू, वेड्याचं सोंग घेऊन छळातून वाचला, सत्तावीस वर्षं नेपल्सच्या तुरुंगांत काढली आणि १६०२ ला आतून हे पुस्तक लिहिलं. त्याच्या शहरात घरकामाला गुलाम नाहीत, सगळी कामं वाटून घेतलेली म्हणून रोज चारच तास काम पुरतं, आणि तिथले लोक युरोपला हसतात, की कारागिराला हलका म्हणता आणि ज्याला एकही काम येत नाही आणि जो रिकामे नोकरगुलाम बाळगतो त्याला उमराव म्हणता! वाचून वाटतं चला, सुटला हा एक. मग एक ओळ येते, की गुलामांच्या वाईट सवयींनी शहर बिघडू नये म्हणून लढाईत पकडलेल्यांना वेशीवरच विकून टाकतात नाहीतर शहराबाहेर चर खणायला ठेवतात. परत वेशीबाहेर. मजा म्हणजे हे सूर्यनगरवाले मूळचे कुठले तर हिंदुस्थानातले, जुलमी लुटारूंपासून पळून तिकडे गेलेले, असं कँपानेला लिहितो. कुठून काढलं कोण जाणे.

आपल्याकडचा संबंध निघालाच आहे तर तो नीट सांगते, कारण अशा वेळी मंडळात कोणीतरी म्हणतं की आपल्या पोरांना ह्याचं काय. मोरचा हिथ्लोडे हा पोर्तुगीज आहे, व्हेस्पुची ह्या दर्यावर्दीबरोबर गेलेला, आणि यूटोपिया बघून परत येताना तो लंकेला लागतो आणि तिथून कालिकतला, तिथे त्याला सुदैवाने पोर्तुगीज जहाजं मिळतात आणि तो घरी पोचतो. म्हणजे इंग्रजी रेनेसाँचं हे आदर्श राज्य युरोपला पोचलं ते आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून! गोवा पोर्तुगीजांनी १५१० ला घेतलं, पुस्तक १५१६ चं. मोर त्याला भेटल्याचं दाखवतो ते अँटवर्पमध्ये, जिथे पोर्तुगीजांची व्यापारी कोठी होती, मिरी-मसाले तिथेच उतरायचे, आणि पाचच वर्षांनी, १५२१ मध्ये, जर्मन चित्रकार ड्यूररने त्या कोठीच्या अधिकाऱ्याच्या घरी कामाला असलेल्या वीस वर्षांच्या काळ्या मुलीचं चित्र काढलं, कातरीना, खाली बघणारी, डोक्याला घट्ट रुमाल. ते चित्र फ्लॉरेन्सला आहे, नेटवर सहज मिळतं. यूटोपियाबरोबर ते एक चित्र स्लाइडवर लावलं तरी अर्धं काम होतं.

आणि गोव्यात काय चाललं होतं? लिन्सखोटेन नावाचा डच तरुण १५८३ ला आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आला, त्याचं पुस्तक १५९६ ला निघालं, १५९८ ला इंग्रजीत आलं. गोव्याच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी लिलाव, त्यात दागिने, गालिचे, घोडे आणि माणसं. कितीतरी पोर्तुगीज घरं नुसती गुलामांच्या कमाईवर चालायची, कोणी रस्त्यावर पाणी विकतंय, कोणी घरी केलेले मुरांबे नाहीतर भरतकाम घेऊन फिरतंय, संध्याकाळी पैसे मालकाकडे. म्हणजे 'काम न करता सुखाने राहणारा समाज' प्रत्यक्षात आला होता, मांडवीच्या काठी.

त्याच गोव्यात १५५३ नंतर कामोइश राहिला, पोर्तुगालचा सगळ्यात मोठा कवी. त्याच्या महाकाव्यात नवव्या सर्गात वास्को द गामाच्या खलाशांना बक्षीस म्हणून प्रेमाची देवता व्हीनस समुद्रात एक आख्खं बेट उभं करते, झरे, फळं, अप्सरा, सगळं फुकट आणि सगळं राजीखुशीचं. आदर्श समाज नाही म्हणा, पण आदर्श सुट्टी नक्की. आणि दुसरीकडे ह्याच माणसाची एक छोटी कविता आहे, हिंदुस्थानातल्या बार्बरा नावाच्या गुलाम मुलीवर: जी कैदेत आहे तिनेच मला कैद केलंय. तिचे काळे केस बघून सोनेरी केस सुंदर असतात हे लोकांचं मत बदलेल, बर्फालाही वाटेल आपला रंग हिच्याशी बदलावा. सुरेख आहे, गोऱ्या नायिकांच्या त्या काळात तर बंडच. पण 'मीच तुझा कैदी' हे म्हणायची चैन ज्याला विकत घेता येतं त्यालाच परवडते. बार्बराला काय वाटत होतं ह्याच्यासाठी एक ओळ नाही. अप्सरांचं बेट आणि ही कविता शेजारी शेजारी ठेवा, पोरांना थिअरी शिकवायचीच गरज उरणार नाही.

बाकीचं भराभर सांगते. फ्रेंच लेखक रॅबलेच्या १५३४ च्या पुस्तकातला तो थेलेमचा मठ, एकच नियम, मनाला येईल ते करा, पण मठाच्या रानाला लागून अर्धा कोस घरांची रांग आहे, सोनार, जवाहिरे, शिंपी, भरतकामवाले, सगळे आतल्या लोकांच्या कपड्यांसाठी राबतायत, त्यांना 'मनाला येईल ते' लागू नाही. इंग्रज विचारवंत बेकनचं 'न्यू अ‍ॅटलांटिस', तेही काल्पनिक आदर्श बेटच, सायन्ससाठी वाचतात, ठीक आहे, तिथेही नोकरचाकर ढिगाने आहेत. आणि शेक्सपिअरचं 'द टेम्पेस्ट' हे नाटक तर आधीपासून सिलॅबसमध्ये आहेच! त्यात गोन्झालो हा म्हातारा दरबारी मॉन्तेनची वाक्यं उचलून भाषण करतो, माझ्या राज्यात श्रीमंत नको, गरीब नको, नोकर नको, आणि दुसरा लगेच टोमणा मारतो की तरी राजा हाच. त्याच बेटावर कॅलिबन, प्रॉस्पेरो ह्या जादूगाराचा गुलाम, लाकडं वाहतोय. प्रॉस्पेरो मुलीला सरळ सांगतो की त्याच्याशिवाय आपलं भागणार नाही, तो चूल पेटवतो, लाकडं आणतो. एवढं प्रामाणिक वाक्य आख्ख्या यूटोपियात नाही. पण आपल्याकडे टेम्पेस्ट पेपर तीनमध्ये, यूटोपिया पेपर पाचमध्ये, आणि दोन्ही शिकवणारे एकमेकांशी बोलत नाहीत (माझ्या कॉलेजात तरी).

तर मागणी काय. यूटोपियाच्या निवडक भागात गुलामांचं प्रकरण घाला, आख्खं, सारांश नको. जागा नसेल तर शहरांच्या रचनेचं वर्णन कमी करा, त्याचं कोणाला काही वाटणार नाही. टेम्पेस्टमधलं गोन्झालोचं भाषण आणि मॉन्तेनचा निबंध त्याच युनिटमध्ये आणा, निबंध लहान आहे आणि इंग्रजी भाषांतरं फुकट मिळतात. कामोइशची ती कविता एका पानाची आहे. पोरांना प्रोजेक्ट द्यायचाच असेल तर मलिक अंबरवर द्या, इथिओपियातून लहानपणी विकला गेलेला, हाताहातांतून दख्खनमध्ये आलेला, निजामशाहीचा पेशवा झालेला आणि १६१० ला खडकी वसवणारा, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, जमिनीखालून पाणी आणणाऱ्या नहर-ए-अंबरीसकट. कँपानेला कोठडीत बसून कागदावर शहर आखत होता तेव्हा इकडे एक विकलेला माणूस खरं शहर बांधत होता, आणि तो स्वतःही पुढे हबशी गुलाम विकत घेऊन फौज उभी करत होता, हेही पोरांनी लिहायला पाहिजे, नाहीतर परत गाइडच होणार. त्या भागातल्या कॉलेजांना तर फील्ड व्हिजिट पण होईल.

आणि एक विनंती पेपर सेट करणाऱ्यांना. 'यूटोपिया हे आदर्श राज्य आहे, चर्चा करा' हा प्रश्न कृपा करून बंद करा. 'यूटोपियातल्या एका गुलामाच्या एका दिवसाचं वर्णन पुस्तकाच्या आधाराने करा' असा टाकून बघा. गाइडमधून उत्तर येणार नाही, पुस्तक उघडावं लागेल. पेपर तपासायला वेळ जास्त लागेल हे मला कळतं, आमच्यासारख्यांना तर तपासण्याचे पैसेही वर्षभराने मिळतात, तरी मी तपासायला तयार आहे.

जूनपर्यंत सिलॅबस बदलता येत असेल तर बदला, नाहीतर निदान कॉलेजांना पूरक वाचन म्हणून एक परिपत्रक काढा, तेवढ्याला अ‍ॅकॅडमिक कौन्सिलपर्यंत जावं लागू नये असं वाटतं.

आपली,
तासिका तत्त्वावरची एक इंग्रजीची शिक्षिका